‘उत्सर्जन मर्यादेत आढळले’ हे वाक्य पूर्ण करा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

कारखान्यांच्या धुराविषयी आपले वृत्तपत्र सातत्याने लिहिते, त्याबद्दल आधी आभार मानते. या विषयावरची बहुतेक बातमी एका वाक्यापाशी येऊन थांबते : ‘अधिकाऱ्यांनी केलेल्या तपासणीत उत्सर्जन विहित मर्यादेत आढळले.’ त्याच्या खाली किंवा वर रहिवाशांचे म्हणणे असते, की रात्री खिडकी उघडता येत नाही, सकाळी गाडीवर काळा थर असतो आणि साहेब म्हणतात सगळे मर्यादेत आहे. वाचणारा मग दोनांपैकी एक निष्कर्ष काढतो. लोक उगाच ओरडतात, नाहीतर अधिकारी मॅनेज झाले.

मी सगळी नोकरी सरकारच्या हवा प्रदूषण नियंत्रणाच्या कामात केली. त्यातली शेवटची बरीच वर्षे पर्यवेक्षक अभियंता होते, म्हणजे ज्या अहवालावरून ते वाक्य बातमीत जाते त्या अहवालावर सही करणारी. मला दिसले ते असे, की पुष्कळदा दोघेही खरे बोलत असतात. मोजमाप खरे असते आणि लोकांचा त्रासही खरा असतो. मधे काहीतरी गळलेले असते. ते काय, हे आपल्या वाचकांना आणि विशेषतः आपल्या वार्ताहरांना कळावे म्हणून हे पत्र. लांबले आहे, पण काटछाट करू नये अशी विनंती.

चिमणीतला धूर मोजतात कसा, हे पाहिलेली माणसे फार थोडी आहेत. चिमणीवर बऱ्याच उंचीवर लोखंडी प्लॅटफॉर्म असतो. पिंजऱ्याच्या शिडीने तिथे चढायचे आणि सामान दोरीने वर ओढून घ्यायचे. तिथे चिमणीला एक तोंड ठेवलेले असते, त्याला पोर्ट म्हणतात. झाकणाचे बोल्ट वर्षभर कोणी हात न लावल्याने गंजून बसलेले असतात, ते सोडवण्यातच निम्मी शक्ती जाते. मग पिटॉट ट्यूब आत घालून वायूचा वेग पाहायचा, तापमान पाहायचे आणि त्यावरून हिशेब करून नमुन्याची नळी आत सरकवायची. नळीच्या टोकाला नॉझल असते, त्याच्या मागे थिंबल, म्हणजे काचतंतूंची बोटाएवढी टोपी. धूळ तिच्यात अडकते. पुढे वायू थंड करणाऱ्या बाटल्या, त्यांच्यापुढे निळे सिलिका जेल, जे ओलावा शोषून गुलाबी होत जाते, आणि शेवटी पंप व मीटर. थिंबलचे वजन प्रयोगशाळेत आधी केलेले असते, नंतर पुन्हा करतात. वजनातला फरक मिलिग्रॅममध्ये, ओढलेला वायू घनमीटरमध्ये. एकाला दुसऱ्याने भागले की बातमीतला तो आकडा मिळतो.

यात एक बारीक गोष्ट आहे, पण सगळे तिच्यावर उभे असते. नॉझलमध्ये वायू ज्या वेगाने शिरतो तो वेग चिमणीतल्या वायूच्या वेगाशी जुळला पाहिजे. पंप जास्त जोराने ओढला तर आजूबाजूचा वायू वळून नॉझलमध्ये येतो, पण त्यातले जड कण न वळता सरळ वर निघून जातात आणि धूळ आहे त्याहून कमी भरते. कमी जोराने ओढला तर उलटे होते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या पद्धतीत ही जुळणी ९० ते ११० टक्क्यांत असावी लागते. म्हणजे व्हॉल्व्ह जरा जास्त उघडा राहिला, तरी कोणी एक अक्षर खोटे न लिहिता आकडा खाली येतो. तसेच पोर्ट कुठे आहे यालाही महत्त्व आहे. वळणानंतर किंवा पंख्यानंतर लगेच पोर्ट असेल तर वायू घुसळलेला असतो, एका बाजूला धूळ दाट आणि दुसरीकडे विरळ असते. म्हणून शक्यतो वळणापासून चिमणीच्या व्यासाच्या आठपट अंतर सोडून आणि वरच्या तोंडापासून व्यासाच्या दोनपट अंतर खाली पोर्ट ठेवतात. चिमणी बांधून झाल्यावर हे बदलता येत नाही. आराखडा मंजुरीला येतो तेव्हाच ते कोणीतरी पाहावे लागते, आणि ते पाहणे पर्यवेक्षकाच्या कामात मोडते.

अहवाल टेबलावर आला की मी शेवटचे पान शेवटीच उघडायचे. आधी मधली पाने. वायूचा वेग आणि नॉझलचा व्यास यांवरून ओढण्याचा दर मी स्वतः पुन्हा काढत असे. मग बाष्पाचे प्रमाण. पाण्याच्या स्क्रबरमधून, म्हणजे धूर धुणाऱ्या यंत्रातून, बाहेर पडणारा वायू ओलाचिंब असतो. त्याचे तापमान ६० अंश सेल्सिअस असेल, तर त्यात घनफळाने जवळपास २० टक्के बाष्प असायलाच हवे, ते भौतिकशास्त्र आहे. तिथे अहवालात ४ टक्के लिहिलेले असेल तर सिलिका जेल आधीच गुलाबी झालेले होते, किंवा आकडा मागच्या अहवालातून उचललेला आहे. दोन्ही प्रकारांत नमुना पुन्हा घ्यायचा. हाताखालच्या माणसांना सुरुवातीला याचा राग यायचा. पुन्हा चढायचे म्हणजे पुन्हा एक अख्खा दिवस. पण मधली पाने न वाचता केलेल्या सहीला काही अर्थ नाही, हे मी त्यांना सांगत राहिले आणि आजही तेच सांगेन.

आता ऑक्सिजनचे सांगते, कारण बातमीत तो कधीच येत नाही आणि सगळ्यात मोठी गफलत तिथे होते. ज्वलनातून निघालेल्या वायूत जादा हवा मिसळली की त्यातला ऑक्सिजन वाढतो आणि दर घनमीटरमागची धूळ आपोआप कमी दिसते. चिमणीतून बाहेर पडणारी एकूण धूळ मात्र तेवढीच असते. म्हणून मोजलेला आकडा नियमात ठरलेल्या ऑक्सिजनच्या प्रमाणावर आणून मग मर्यादेशी ताडायचा असतो. गणित शाळेतले आहे. साध्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के धरतात. २१ मधून ठरलेला ऑक्सिजन वजा करा, २१ मधून मोजलेला वजा करा, पहिल्याला दुसऱ्याने भागा आणि येणाऱ्या संख्येने मोजलेल्या आकड्याला गुणा. समजा ठरलेला ऑक्सिजन ११ टक्के आहे, मोजला तो १६ टक्के आणि धूळ भरली ८० मिलिग्रॅम. १० भागिले ५ म्हणजे २, आणि ८० गुणिले २ म्हणजे १६०. मर्यादा १०० असेल तर ८० म्हणून पास झालेली भट्टी प्रत्यक्षात दीडपटीहून जास्त ओकते आहे. कुठे एखादी झडप उघडी ठेवली, डक्टच्या फ्लँजमधून, म्हणजे धूर नेणाऱ्या नळाच्या जोडातून, हवा आत येऊ दिली, की काम झाले. अहवालात ऑक्सिजनचा रकाना कोरा असेल तर ‘मर्यादेत’ या शब्दाला काहीही आधार नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे लोड. चाचणीच्या दिवशी भट्टी किंवा बॉयलर किती क्षमतेने चालू होता? निम्म्या लोडवर घेतलेला नमुना पूर्ण लोडच्या रात्रीबद्दल काही सांगत नाही. लोड तपासायला कारखान्याच्या तोंडी उत्तरावर विसंबायचे नसते. इंधनाचा मीटर, वाफेचा मीटर, कच्च्या मालाची नोंदवही हे तिन्ही एकमेकांशी जुळवून पाहायचे. चाचणीच्या चार तासांत किती इंधन जळले आणि त्याच महिन्यात इतर दिवशी चार तासांत किती जळत होते, एवढी तुलना पुरते.

माझ्या मते मात्र या सगळ्यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न वेगळाच आहे. धूर अडवणारे यंत्र रोज चालते का? तपासणी वर्षातून एकदा-दोनदा, तीही दिवसा. यंत्र मात्र चोवीस तास चालायला हवे. धूर पिशव्यांतून गाळणाऱ्या बॅग फिल्टरचा पंखा वीज खातो, स्क्रबरचा पंप वीज आणि कॉस्टिक सोडा दोन्ही खातो. ही बचत करण्याचा मोह रात्री होतो, आणि थंडीच्या रात्री जमिनीलगतची थंड हवा वरच्या उबदार थराखाली अडकून बसते, धूर वर न जाता वस्तीतच फिरत राहतो. रात्री ताप चढणाऱ्या माणसाला सकाळी थर्मामीटर लावून घरी पाठवावे, तशी ती दिवसाची तपासणी होते. लोक रात्रीबद्दल बोलत असतात आणि अहवाल सकाळचा असतो. गळलेले ते हेच.

मग रात्रीचे कळायचे कसे? यंत्रे बोलतात, त्यांना विचारावे लागते. बॅग फिल्टरच्या आत कापडी पिशव्यांच्या रांगा असतात. वायू कापडातून जातो, धूळ बाहेर राहते आणि त्यामुळे पिशवीच्या दोन बाजूंच्या दाबांत फरक पडतो. साधारण १०० ते १५० मिलिमीटर पाण्याच्या स्तंभाएवढा फरक हे बऱ्याच ठिकाणी तब्येत ठीक असल्याचे लक्षण. फार वर गेला तर पिशव्या चोंदल्या, फार खाली आला तर पिशव्या फाटल्या किंवा वायू दुसऱ्याच वाटेने चालला आहे. हा फरक दाखवणारा गेज बाहेर भिंतीवर लावलेला असतो.

एका धातू वितळवणाऱ्या कारखान्यात माझ्याबरोबर नुकतीच नोकरीला लागलेली एक मुलगी होती. लॉगबुकात दर दोन तासांनी ११० लिहिलेले, गेजचा काटाही ११० वर. कारखान्याचे लोक चहाला बोलावत होते. ती म्हणाली, “मॅडम, पंखा दोन मिनिटे बंद करायला सांगू का?” सांगितले. पंखा थांबला, आवाज पूर्ण गेला, डक्टची थरथर थांबली. काटा ११० वरच. वायू वाहत नसेल तर दाबात फरक राहू शकत नाही, काटा शून्यावर यायला हवा. तिने गेजच्या मागे हात घालून दोन्ही नळ्या चाचपल्या. एक नळी कधीची निखळलेली होती आणि तिच्या तोंडात चिंधी कोंबलेली होती. गेज आतून अडकलेला होता. किती महिने, कोण जाणे. आम्ही पिशव्यांच्या कक्षाचे दार उघडायला लावले तेव्हा वरच्या स्वच्छ बाजूला, जिथे धुळीचा कणही असता कामा नये, तिथे बोट बुडेल एवढा थर होता. पंचनाम्यात तिने थराची जाडी मोजून लिहिली, नळीचे वर्णन लिहिले, पंखा बंद केल्याची वेळ आणि पुन्हा चालू केल्याची वेळ लिहिली. त्या दिवशी आम्ही चिमणीवर चढलोही नाही. पण आजवर पाहिलेल्या उत्तम तपासण्यांत मी ती धरते, आणि त्या मुलीचा मला आजही अभिमान वाटतो.

स्क्रबरचेही तसेच. सल्फर डायऑक्साइड धुऊन काढायचा तर कॉस्टिक सोडा खर्च झालाच पाहिजे. ६४ किलो वायू सल्फाइटच्या रूपात पकडायला ८० किलो कॉस्टिक लागतो, हा रसायनशास्त्राचा हिशेब आहे, त्यात सूट नाही. इंधनात गंधक किती, इंधन किती जळले, यावरून वायू किती निघाला ते काढता येते. मग खरेदीची बिले मागवायची. महिन्याला टनावारी कॉस्टिक लागायला हवा होता आणि बिले दोन-चार पोत्यांची असतील तर स्क्रबरमधून नुसते पाणी फिरते आहे, किंवा तेही फिरत नाही. बॅग फिल्टरच्या बाबतीत विचारायचे, की हॉपरखाली, म्हणजे तळाच्या नरसाळ्याखाली, निघालेली धूळ कुठे आहे? पकडलेली धूळ हवेत विरत नाही, तिचे ढीग होतात, ती कुठेतरी पाठवावी लागते, तिची चलने असतात. धूळ पकडली म्हणतात आणि धूळ दाखवता येत नाही, असे होऊ शकत नाही. विद्युत-स्थितिक अवक्षेपक, ज्याला सगळे ईएसपी म्हणतात, तो धुळीला विजेचा भार देऊन ओढून घेतो; त्याच्या प्रत्येक फील्डचे, म्हणजे विभागाचे, व्होल्ट आणि मिलिअँपिअर पाहायचे आणि विजेच्या वापराशी ताडायचे.

हे काही आजचे शहाणपण नाही. १८६३ मध्ये ब्रिटनमध्ये अल्कली कायदा झाला. सोडा बनवणाऱ्या कारखान्यांतून हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू सुटायचा आणि मैलोगणती झाडे जळून जायची. कायद्याने सांगितले, की त्यातला किमान ९५ टक्के वायू अडवला पाहिजे. तो वायू पाण्यात विरघळवणारा मनोरा विल्यम गॉसेज याने १८३६ मध्येच काढला होता. म्हणजे उपाय सत्तावीस वर्षे हाताशी होता, तो सगळीकडे नीट चालवून घेणारे कोणी नव्हते. पहिला निरीक्षक रॉबर्ट अँगस स्मिथ रसायनतज्ज्ञ होता. ‘आम्लवर्षा’ ही संज्ञा त्याचीच. कारखान्यात जाऊन मोजमाप करायचे, कुठे चुकते ते मालकाला दाखवायचे आणि तरीही ऐकले नाही तर कायदा उगारायचा, ही कामाची रीत त्याने घालून दिली. आमचे सगळे काम त्या रीतीवर उभे आहे.

यंत्र बसवलेले असणे आणि चालू असणे यांत किती अंतर असू शकते, हे भोपाळने दाखवले. १९८४ च्या डिसेंबरमधली ती रात्र. विषारी वायू धुणारा स्क्रबर त्या कारखान्यात होता, वायू जाळणारा फ्लेअर टॉवर होता, टाकी थंड ठेवणारी यंत्रणाही होती. शीतकरण काही महिन्यांपासून बंद, फ्लेअरचा पाइप दुरुस्तीसाठी काढलेला, स्क्रबर कामावर नाही. कागदावर तिन्ही होती. फोक्सवॅगनचे प्रकरण २०१५ मध्ये बाहेर आले तेव्हाही मुद्दा हाच निघाला. प्रयोगशाळेतल्या चाचणीत गाड्या नियमात बसायच्या आणि रस्त्यावर नायट्रोजनच्या ऑक्साइडचे प्रमाण मर्यादेच्या ४० पटींपर्यंत जायचे. ते सापडले, कारण वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी मोजण्याचे उपकरण गाडीवर चढवून रस्त्यावर मोजले. जिथे आणि जेव्हा खरे काम चालते तिथे आणि तेव्हा मोजावे, एवढाच त्याचा अर्थ.

पर्यवेक्षकाच्या कामाचा आणखी एक भाग बाहेर कोणालाच दिसत नाही. कारखान्याला दिल्या जाणाऱ्या संमतीपत्रातल्या अटी आम्ही लिहितो. ‘प्रदूषण होणार नाही याची योग्य ती काळजी घ्यावी’ ही अट हजारो कागदांवर असेल. ती मोडली हे सिद्ध कसे करणार? ‘योग्य ती’ म्हणजे काय, यावरच वकील दिवस घालवतात. त्याऐवजी लिहायला हवे, की बॅग फिल्टरच्या दाबातला फरक ८० ते १५० मिलिमीटरमध्ये राहील, दर दोन तासांनी नोंद होईल, ८० च्या खाली गेल्यास तासाभरात भट्टीला माल देणे थांबवले जाईल, गेजची तपासणी दर महिन्याला होईल आणि नोंदी इतकी वर्षे जपल्या जातील. ही अट पाळली की नाही, हे कोणताही अभियंता अर्ध्या तासात सांगू शकतो, आणि न्यायालयातही ती टिकते. अशी अट लिहायला मात्र ते यंत्र आतून माहीत असावे लागते. मसुदा जुन्या फाइलीतून उतरवला तर पाच मिनिटांत होतो. विचार करून लिहिला तर दोन दिवस जातात. ते दोन दिवस मी भांडून मिळवत असे, कारण त्यावर पुढची पाच वर्षे अवलंबून असतात.

कायद्याची बाजूही तितकीच काटेकोर आहे. १९८१ च्या हवा प्रदूषण कायद्यात कलम २६ मध्ये नमुना कसा घ्यायचा हे दिले आहे. कारखान्याच्या जबाबदार माणसाला तिथल्या तिथे नोटीस द्यायची, त्याच्यासमोर नमुना घ्यायचा, तो सीलबंद करायचा, दोघांच्या सह्या घ्यायच्या आणि विलंब न लावता प्रयोगशाळेकडे पाठवायचा. हे पाळले नाही तर विश्लेषणाचा निकाल न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. एवढे कष्ट करून घेतलेला नमुना एका सहीवाचून वाया जातो. १९८७ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ३१-अ खाली कारखाना बंद करण्याचे, वीज-पाणी तोडण्याचे निर्देश देता येतात. हा अधिकार मोठा आहे आणि त्यावर शेकडो कामगारांचे पोट अवलंबून असते. म्हणूनच त्याच्या तळाशी असलेला कागद निर्दोष लागतो. तो निर्दोष आहे हे वरच्यांना लेखी सांगणारा माणूस म्हणजे पर्यवेक्षक अभियंता.

आता पुष्कळ ठिकाणी ऑनलाइन यंत्रे लागली आहेत. चिमणीवर बसवलेला संवेदक सतत आकडे पाठवतो. लोकांना वाटते, आता माणसाची गरज काय? ती वाढली आहे. खऱ्या भट्टीचा आलेख कधी सरळ नसतो. माल टाकला की वर जातो, पिशव्या झटकल्या की क्षणभर उसळतो, इंधन बदलले की हलतो. दिवसेंदिवस ३२, ३२, ३३, ३२ अशी सपाट रेघ येत असेल तर त्या कारखान्याचे कौतुक करण्याआधी संवेदकाच्या काचेवर काय बसले आहे ते वर जाऊन पाहावे. भट्टी बंद असल्याची नोंद आहे आणि आलेखात तीच ३२ येते आहे, असेही दिसते. ते संगणकाला खटकत नाही. खटकण्यासाठी समोर असे कोणी हवे, ज्याला भट्टी कशी चालते ते ठाऊक आहे आणि ज्याच्याकडे आलेख पाहायला सकाळी एक तास मोकळा आहे.

तो तास कोणाकडेच नाही, हे माझे खरे दुःख आहे. पदे रिकामी राहतात, एकेका अभियंत्याकडे दोघातिघांचे क्षेत्र येते आणि कामाचे माप तपासण्यांच्या संख्येवर लावले जाते. महिन्याला इतक्या भेटी, इतक्या नोटिसा. संख्या भरायची म्हटली की माणूस फाटकातून आत जातो, लॉगबुकावर सही करतो, पुढच्या फाटकाकडे निघतो. गेजच्या मागे हात घालायला वेळ राहत नाही. पंखा बंद करून काटा पाहिलेली ती एक तपासणी त्या तक्त्यात एकच धरली जाते आणि धावती भेटही एकच. ज्या तरुण अभियंत्यांना हे काम मनापासून करायचे आहे त्यांना हे माप आतून मारते. त्यांच्यातले काही काम सोडून सल्लागार झाले, त्यांना मी दोष देत नाही. सरकारने माप बदलावे अशी माझी कळकळीची मागणी आहे. भेटी किती झाल्या यापेक्षा किती यंत्रे पुढच्या अचानक भेटीत, तीही रात्रीच्या पाळीत, चालू सापडली हे मोजावे. रात्रीच्या तपासणीसाठी वाहन, सोबत आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी द्यावी. बायका या कामात आता मोठ्या संख्येने आहेत, त्यांच्यासाठी तर हे लागतेच, पण पुरुषांसाठीही लागते. रात्री दोन वाजता एकट्याने चिमणीच्या शिडीवर कोणीच चढू नये.

आपल्याकडे माझे मागणे सोपे आहे. ‘मर्यादेत आढळले’ असे कोणी सांगितले, तर आपल्या वार्ताहराने पुढे विचारावे, की नमुना किती वाजता घेतला, तेव्हा लोड किती होता, ऑक्सिजन किती होता आणि धूर अडवणाऱ्या यंत्राची त्या वेळची नोंद काय होती. उत्तर मिळाले तर ते छापावे, न मिळाले तर मिळाले नाही असे छापावे. अहवालाची मधली पाने माहितीच्या अधिकारात मागता येतात, ती मागावीत. काम नीट करणाऱ्या अभियंत्याला या प्रश्नांचा त्रास होत नाही, उलट त्याला वरच्यांशी बोलायला आधार मिळतो. मी नोकरीत असताना असे विचारणारा एकही वार्ताहर आला असता तर मी त्याला बसवून सगळे समजावले असते.

वाचकांनाही एक सांगते. तक्रार करताना ‘फार प्रदूषण आहे’ एवढेच लिहिले तर ती तक्रार फाइलीत जाते आणि तिथेच राहते. तारीख आणि घड्याळाची वेळ लिहा. धूर किंवा वास किती वेळ टिकला ते लिहा. वारा कोणत्या बाजूने येत होता, धुराचा रंग काळा, पिवळट, तपकिरी की पांढरा होता ते लिहा. पांढरा असेल तर चिमणीच्या तोंडापासून थोड्या अंतरावर विरून जातो की लांबवर रेघ तशीच राहते ते पाहा. पटकन विरला तर तो बहुधा वाफेचा असतो, लांबवर राहिला तर त्यात काहीतरी आहे. वास कशासारखा होता, घसा खवखवला की डोळे चुरचुरले, हेही लिहा. शेजारच्या चार घरांनी आपापल्या नोंदी वेगवेगळ्या ठेवल्या तर फारच उत्तम. अशा पाच-सहा नोंदी आल्या की अभियंता त्या वेळा घेऊन कारखान्यात जातो आणि त्या रात्रींचे पंख्याच्या मोटरचे अँपिअर, पंपाचे तास आणि भट्टीत माल टाकल्याच्या वेळा लॉगबुकात शोधतो. १ वाजून ४० मिनिटांनी तुम्हाला वास आला आणि दीड ते तीनमध्ये पंख्याच्या मोटरची नोंदच नाही, एवढे दोन कागद शेजारी ठेवले की कारखान्याला उत्तर द्यावे लागते.

आपली,

हवा प्रदूषण नियंत्रणाच्या कामातून निवृत्त झालेली एक पर्यवेक्षक अभियंता